शील्डिंच बंद होतंय, मग पुढे काय बघायचं?

गेल्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहिलं होतं: शील्डिंच नावाच्या वस्तीत घडणारी आमच्या ग्लासगोची ‘रिव्हर सिटी’ ही टीव्ही मालिका २०२६च्या शरदात संपणार, आणि घरातलं माणूस परगावी निघाल्यासारखं मला होतंय. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. म्हणून या वेळचं सदर सगळं स्कॉटलंडच्या टीव्हीवर. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मूळची साताऱ्याची. वीस वर्षांपूर्वी ग्लासगोत आले आणि इथल्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. मालिका बघणं हा माझा धंदा नाही, पण वाचनालयात लोक पुस्तकांइतकंच मालिकांबद्दल बोलतात आणि मी मनापासून ऐकते.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षिका, पुणे): चोवीस वर्षं चाललेली मालिका! आपल्याकडे दोन वर्षांतच लोक ‘आता आवरा’ म्हणतात. तुम्हाला तिचं एवढं काय वाटतं? आणि बंद का करताहेत?

उत्तर: बाई, मी इथे आले तेव्हा माझं इंग्रजी चांगलं होतं. निदान साताऱ्यात सगळे तसं म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात जिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. म्हणाल्या, ‘मेसेजेस’ आणायला चाललेय, तुला काही हवंय का? मला वाटलं टपाल आणायला निघाल्यात. मी नको म्हटलं. तासाभराने त्या दूध, बटाटे आणि पाव घेऊन धापा टाकत जिना चढताना दिसल्या. ग्लासगोत मेसेजेस म्हणजे वाणसामान. चार दिवसांनी ‘रिव्हर सिटी’त एका बाईने पिशवी टेबलावर ठेवत तोच शब्द उच्चारला आणि मला लख्ख उलगडा झाला.

त्यानंतर दोन वर्षं मी ती मालिका वही घेऊन बघितली. इथे ‘हाउ’ म्हणजे कसं नव्हे, का. ‘पीस’ म्हणजे डब्यातलं सँडविच. अनोळखी बाईलाही मायेने ‘हेन’ म्हणतात. जुन्या दगडी इमारतीतला सामायिक जिना म्हणजे ‘क्लोज’, आणि या आठवड्यात जिना झाडायची पाळी कुणाची यावरून होणारी धुसफूस आपल्या चाळीतल्या नळावरच्या धुसफुशीसारखीच. ती वही माझ्याकडे अजून आहे. पहिल्या पानावर ‘मेसेजेस’ लिहिलंय आणि खाली दोन रेघा ओढल्यात.

शील्डिंच ही वस्ती खरी नाही. क्लाइड नदीकाठचा ग्लासगोचा एक कल्पित भाग, ‘टॉल शिप’ नावाचा पब, कोपऱ्यावरची दुकानं. २००२च्या सप्टेंबरात मालिका सुरू झाली. चित्रीकरणासाठी हा सगळा रस्ता उभा केला तो ग्लासगोच्या पश्चिमेला, डंबार्टनला. पण इथल्या माणसाला तुम्ही शील्डिंच खोटं आहे म्हणालात तर तो थोडा दुखावेल. ‘शेलसूट बॉब’ नावाचं पात्र साकारणारा स्टीफन पर्डन सुरुवातीपासून या मालिकेत आहे. उनाड पोरगा होता, तो आमच्या डोळ्यांदेखत बाप्या माणूस झाला.

बीबीसीने २०२५च्या मार्चमध्ये जाहीर केलं की लोकांची बघण्याची सवय बदलली, वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकांचा प्रेक्षक घटतोय, म्हणून तो पैसा आता छोट्या, दमदार मालिकांकडे वळवायचा. हिशेब मला कळतो. पण नटांच्या ‘इक्विटी’ या संघटनेने मालिका वाचवण्यासाठी मोहीम उघडली तेव्हा मी त्यांच्या बाजूने होते आणि आजही आहे. सहा भागांच्या मालिकेत नवख्या लेखकाला कोण घेणार? तिथे चूक परवडत नाही. जी मालिका वर्षानुवर्षं चालते तिथे पहिला भाग जमला नाही तर दुसरा मिळतो. कपडेपटातल्या मुलीला, ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या पोराला घराजवळ पगाराचं काम मिळतं. ‘आउटलँडर’ या मालिकेचा नायक म्हणून जगभर ओळखला जाणारा सॅम ह्यूअन २००५च्या सुमारास याच रस्त्यावरून फिरताना आम्ही पाहिलाय. त्याआधी लॉक लोमंडकाठच्या लस गावात चित्रित होणारी ‘टेक द हाय रोड’ होती, १९८० ते २००३. ती गेली तेव्हा ‘रिव्हर सिटी’ आली होती. आता जी जाईल तिच्या जागी तशी दुसरी येत नाहीये, दुःख याचं आहे.

प्रश्न (नाट्यशास्त्राचा विद्यार्थी, नाशिक): ताई, मग तिच्या जागी काय येणार आहे?

उत्तर: त्याच घोषणेत तीन नव्या मालिकांची नावं होती. ‘ग्रॅम्स’ ही काळ्या विनोदाची थरारकथा. ‘काउन्सेल्स’ ही ग्लासगोतल्या तरुण वकिलांची गोष्ट. आणि तिसरी ‘द यंग टीम’, जिची मी खरोखर वाट बघतेय.

ती ग्रेअम आर्मस्ट्राँग या लेखकाच्या २०२० साली आलेल्या कादंबरीवर बेतलेली आहे. ग्लासगोच्या पूर्वेला एअर्ड्री नावाचं गाव आहे. खाणी आणि पोलाद कारखाने बंद पडल्यावर जी पिढी जन्मली तिची पोरं टोळ्या करून मारामाऱ्या करतात. स्वस्त दारू, मग गोळ्या, मग स्मशान किंवा तुरुंग. आर्मस्ट्राँग स्वतः त्या टोळ्यांमधून बाहेर पडलेला माणूस. पुढे तो विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकला आणि त्याने पुस्तक लिहिलं ते त्याच पोरांच्या बोलीत, संवाद आणि निवेदन दोन्ही. आमच्या वाचनालयातली त्याची प्रत दोनदा बदलावी लागली. एकदा कणा सुटला आणि एकदा ती परतच आली नाही. एरवी पुस्तकाला हात न लावणारी मुलं ते पुस्तक नाव घेऊन मागतात. तू नाटकाचा अभ्यास करतोस म्हणून मुद्दाम सांगते: ते पुस्तक डोळ्यांनी वाचू नकोस, मोठ्याने वाच. पहिली दहा पानं अडखळशील, मग कान आपोआप धरतो. ही बोली पडद्यावर सौम्य केली तर अर्धी गोष्ट संपली असं मी समजेन.

जुन्यांपैकी काय चालू राहणार तेही सांगते. ‘आउटलँडर’चा आठवा आणि शेवटचा हंगाम २०२६चा, आणि तिची पूर्वकथा २०२५च्या ऑगस्टपासून वेगळी सुरू झाली आहे. एडिनबरात घडणाऱ्या ‘डिपार्टमेंट क्यू’ या पोलिसी मालिकेचा दुसरा हंगामही जाहीर झालाय. शेटलंड बेटांवरची पोलिसी मालिका ‘शेटलंड’ तर आहेच, २०१३पासून. नायक जिमी पेरेझ झालेला डग्लस हेन्शल सात हंगामांनंतर गेला तेव्हा आता संपलं असं सगळे म्हणाले. २०२३मध्ये अॅशली जेन्सन आली आणि मालिका तरली.

प्रश्न (कायद्याची विद्यार्थिनी, नागपूर): वकिलांची मालिका लंडनची असो की ग्लासगोची, कायदा तर ब्रिटिशच ना? फरक तो काय असणार?

उत्तर: फरक फार मोठा आहे, आणि तिथेच मला ‘काउन्सेल्स’कडून आशा आहे. १७०७मध्ये इंग्लंडशी एकत्र आल्यावरही स्कॉटलंडने आपला कायदा आणि न्यायालयं वेगळी ठेवली. इथे फौजदारी खटल्यात ज्युरीत १२ नव्हे, १५ माणसं बसतात. पोलिसी मालिकांमध्ये ‘फिस्कल’ हा शब्द सारखा ऐकू येईल. तो इथला सरकारी अभियोक्ता, आणि गुन्ह्याच्या तपासावरही त्याची देखरेख असते. सगळ्यात विलक्षण म्हणजे शतकानुशतकं इथे निकाल तीन होते: दोषी, निर्दोष आणि ‘सिद्ध झालं नाही’. हा तिसरा निकाल मिळालेला माणूस सुटायचा, पण गावाच्या नजरेतून सुटायचा नाही. आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांना धड उत्तरही मिळायचं नाही. २०२५मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा करून तो रद्द केला आणि दोषी ठरवायला दोन तृतीयांश ज्युरींचं मत लागेल असं केलं. आजवरच्या किती गुन्हेकथा त्या तिसऱ्या निकालावर उभ्या होत्या! नव्या लेखकांना आता दुसरी फट शोधावी लागेल.

प्रश्न (एक वाचक, कुडाळ): आम्ही घरात मालवणी बोलतो. टीव्हीवर मालवणी आली की ती हसवायला तरी येते, नाहीतर गडीमाणसाच्या तोंडी. स्कॉटलंडमध्ये बोलीचं काय?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इथेही अगदी हेच दुखणं आहे, फक्त इथे दोन भाषा आहेत आणि त्या वेगवेगळ्या सांभाळाव्या लागतात.

एक स्कॉट्स. ही इंग्रजीची सख्खी बहीण. ग्लासगोची, अॅबर्डीनची, शेटलंडची बोली तिच्यात येते. ती पडद्यावर पुष्कळ ऐकू आली, पण तुम्ही म्हणता तशी, विनोदात किंवा गुंडाच्या तोंडी. १९८३मध्ये ‘टॅगर्ट’ ही पोलिसी मालिका आली तेव्हा ग्लासगोचा आवाज देशभर पोचला, पण तोही खुनाची बातमी सांगत. मुख्य नट मार्क मॅकमॅनस १९९४मध्ये वारला, तरी मालिका त्याच नावाने २०१०पर्यंत चालली.

दुसरी गेलिक. ही इंग्रजीच्या गोतातली नाहीच, आयरिशची नातलग. २०२२च्या जनगणनेत सुमारे १ लाख ३० हजार लोकांनी आपल्याला थोडीतरी गेलिक येते असं सांगितलं. म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम शहर. तरी २००८पासून तिची स्वतःची वाहिनी आहे, ‘बीबीसी अलापा’. लिहितात ‘अल्बा’, पण गेलिक माणूस उच्चारतो अलापा, आणि अर्थ स्कॉटलंड. २०२५च्या जानेवारीत तिच्यावर ‘अन् चेलन’ म्हणजे ‘बेट’ ही चार भागांची मालिका आली. हॅरिस बेटावरच्या गढीत खून होतो आणि त्याच बेटाची मुलगी पोलीस म्हणून परत येते. गेलिक भाषेत एवढा पैसा ओतून केलेली ही पहिलीच मालिका. मला तिच्यातलं एक दृश्य सगळ्यात आवडलं असं नाही सांगता येणार, कारण मला आवडली ती बोलण्याची रीत. माणसं घरच्यांशी गेलिक बोलतात, बाहेरचा कुणी खोलीत आला की इंग्रजीवर येतात, तो गेला की पुन्हा गेलिक. तुमच्या घरी पुण्याचा पाहुणा आल्यावर होतं ना, तसंच. त्या भाषेला तिथे कुणी हसत नाही. तिच्यात संशय घेतला जातो, खोटं बोललं जातं, रडलं जातं.

पहिला भाग झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वाचनालयात एक गृहस्थ आले. लुईस बेटावरचे, वय सत्तरीच्या पुढे, नेहमी पेपर वाचून निघून जाणारे. त्या दिवशी टेबलाशी थांबले आणि म्हणाले, “माझ्या आईच्या भाषेत पोलीस चौकशी करताना काल पाहिली.” मग गेलिक पुस्तकांचं कपाट कुठे आहे ते विचारलं. माझ्यासमोर त्यांनी ते पहिल्यांदाच विचारलं होतं. शाळेत गेलिक बोललं की मार बसायचा, असं त्यांनी पुस्तक निवडताना सांगितलं.

२०२५मध्येच इथल्या संसदेने कायदा करून गेलिक आणि स्कॉट्स दोन्हींना अधिकृत दर्जा दिला. कायदा हवाच. पण त्या गृहस्थांना कपाटापर्यंत आणलं ते मालिकेने. मालवणीत एक गंभीर खूनखटला कुणीतरी लिहावा. तुम्हीच का नाही?

प्रश्न (भावंडं, ठाणे): आम्ही करण जोहरचं ‘द ट्रेटर्स’ बघितलं, आपल्यातले विश्वासघातकी ओळखायचा तो खेळ; ते जैसलमेरच्या महालात होतं. मूळ ब्रिटिश कार्यक्रम स्कॉटलंडच्या किल्ल्यात होतो म्हणे. तो किल्ला खरा आहे का?

उत्तर: वाडा खरा आहे, पण मूळ कार्यक्रम ब्रिटिश नाही, डच आहे, २०२१चा. बीबीसीची आवृत्ती २०२२च्या नोव्हेंबरपासून. क्लॉडिया विंकलमन सूत्रधार, अंगात लोकरी कोट किंवा फेअर आयल या स्कॉटिश बेटाच्या नक्षीचा स्वेटर. इन्व्हरनेसच्या उत्तरेला आर्ड्रॉस कॅसल आहे, तिथे हे चालतं. अमेरिकन आवृत्तीही तिथेच होते आणि तिचा सूत्रधार अॅलन कमिंग इथलाच, स्कॉटिश. स्पर्धक रात्री झोपायला मात्र त्या वाड्यात नसतात.

तुम्ही विचारलंत म्हणून एक गोष्ट सांगते, जी तो कार्यक्रम बघताना माझ्या मनातून जात नाही. ही इस्टेट १८४०च्या दशकात अलेक्झांडर मॅथेसनने घेतली. तो ‘जार्डिन मॅथेसन’ या पेढीचा भागीदार, आणि या पेढीचा पैसा चीनला अफू विकून आलेला. त्यातली बरीच अफू माळव्यात पिकून मुंबई बंदरातून जहाजात चढायची. त्या टॉवरमध्ये ‘विश्वासघातकी’ कोण म्हणून खल चालतो, तेव्हा त्या दगडांत आपल्या शेतकऱ्याच्या अफूचाही पैसा आहे हे मला आठवतं.

आता इथला वाद. असा कार्यक्रम ‘स्कॉटिश’ म्हणायचा का? नियामक संस्था ‘ऑफकॉम’चे नियम तीन आहेत: कंपनीचं खरंखुरं कार्यालय लंडनबाहेर असावं, खर्चाचा किमान ७० टक्के भाग लंडनबाहेर व्हावा, आणि पडद्यामागच्या माणसांवरच्या खर्चाचा किमान अर्धा लंडनबाहेरच्यांवर व्हावा. तिन्हींपैकी दोन जमले की पुरे. म्हणजे डोंगर, धुकं आणि किल्ला इथला, पण ठरवणारी डोकी लंडनहून आलेली, असंही नियमात बसू शकतं. इथल्या तंत्रज्ञांची तक्रार हीच आहे आणि मला ती रास्त वाटते. कार्यक्रम मी आवडीने बघते, तरीही.

प्रश्न (गृहिणी, सोलापूर): या मालिकांत आपली माणसं दिसतात का?

उत्तर: दिसतात, आणि एक तर सगळ्यांचा लाडका आहे. ‘स्टिल गेम’ ही दोन म्हाताऱ्या मित्रांची विनोदी मालिका, २००२ ते २०१९, मध्ये बराच खंड. तिच्यातला दुकानदार नवीद म्हणजे संजीव कोहली. सुरुवातीला ‘पुन्हा दुकानदारच का’ म्हणून मी नाराज होते. पण नवीद कुणाच्या चेष्टेचा विषय नाही. वस्तीतली सगळ्यात तल्लख जीभ त्याची. त्याची बायको मीना पाठमोरी बसून आपल्या भाषेत जे बोलते ते आपल्याला भाषांतराच्या पट्टीशिवाय कळतं, हे सुख मी शेजाऱ्यांना कितीदा सांगितलं असेल! पुढे कोहली ‘रिव्हर सिटी’तही आले, ए. जे. जंधू म्हणून. मराठी माणूस अजून वाट बघतोय.

प्रश्न (महाविद्यालयीन तरुण, कोल्हापूर): भारतातून काय बघता येईल?

उत्तर: ‘डिपार्टमेंट क्यू’ नेटफ्लिक्सवर आहे, तिथून सुरुवात करा. मूळ डॅनिश कादंबऱ्या, पण एडिनबराची थंडी अस्सल. बीबीसीचा ऑनलाइन मंच आयप्लेअर फक्त ब्रिटनमध्ये चालतो. आम्हीही त्यासाठी वर्षाची परवाना फी भरतो, २०२५मध्ये ती १७४.५० पौंड होती. उपशीर्षकं लावून बघण्यात कमीपणा मानू नका. लंडनची माणसंही लावतात.

प्रश्न (इतिहासाचे एक प्राध्यापक, सातारा): तुम्ही आमच्या साताऱ्याच्या, म्हणून विचारतो. डंबार्टन हे नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

उत्तर: सर, बरोबर आठवतंय. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याला रेसिडेंट असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १७७९मध्ये डंबार्टनचाच जन्मलेला. आणि आपल्या साताऱ्याचा रेसिडेंट, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हाही स्कॉटिशच, उत्तरेकडच्या बँफचा. घोषणेनंतर एका रविवारी मी आगगाडीने डंबार्टनला गेले, अर्ध्या तासाचा रस्ता. नदीकाठी मोठा काळा खडक आहे, त्यावर जुना किल्ला. सातारकर बाईला असा खडक दिसला की चढल्याशिवाय राहवत नाही. वरून क्लाइड नदी दूरपर्यंत दिसते. वारा असा की ओढणी हातात धरावी लागली. एल्फिन्स्टन इथून निघून शनिवारवाड्यापर्यंत पोचला, आणि मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याहून निघून इथे, एका खोट्या रस्त्याचा निरोप घ्यायला.

प्रश्न (त्याच पुण्याच्या बाई, ताजा कलम): शेवटचा भाग कुठे बघणार?

उत्तर: खालच्या आजींकडे. मेसेजेसवाल्या. आता त्यांना जिना चढवत नाही, त्यांचं वाणसामान मीच आणते. त्यांनी आत्तापासून सांगून ठेवलंय, चहा त्यांच्याकडे, शंकरपाळे माझ्याकडे, आणि भाग चालू असताना कुणी फोन घ्यायचा नाही.